म्हातारीच्या इंजिनातला महागडा प्लग

मी तिसऱ्या नंबरच्या सिलिंडरमधून बोलतोय. आवाज जरा घुमल्यासारखा वाटेल, सांभाळून घ्या. इथे जागा अंगठ्याएवढी आणि उकाडा भट्टीचा. मी एक स्पार्क प्लग आहे, आणि तोही साधासुधा नाही, इरिडियमचा. पूर्वी हे मी छाती फुगवून सांगायचो. आता विचारलं तरच सांगतो.

माझं काम एका वाक्यात संपतं. पेट्रोल आणि हवा सिलिंडरमध्ये दाबली गेली, की नेमक्या त्या क्षणी एक ठिणगी पाडायची. ती पडली की गाडी पुढे जाते, चुकली की झटका खाते. मिनिटाला हजारदा हेच. सुट्टी फक्त गाडी उभी असताना.

माझा जन्म एका मोठ्या, लख्ख उजेडाच्या कारखान्यात झाला. अंग पांढऱ्या चिनी मातीचं, कमरेला चकचकीत आटे, आणि टोकाला सुईहून बारीक इरिडियम. तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी मला भिंगाखाली धरलं, मान डोलावली आणि पुढे सरकवलं. माझ्या खोक्यावर सोनेरी अक्षरं होती : जादा पिकअप, पेट्रोलची बचत, लाख किलोमीटरची सोबत. खोक्यावर लिहिलेलं आम्ही स्वतःही खरं मानतो. दुसरं वाचायला असतं काय आम्हाला?

दुकानात आम्हा चौघांना काचेच्या कपाटात ठेवलं होतं. खाली पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये साधे प्लग सुटेच पडलेले असायचे. त्यांच्याकडे आम्ही बघत नसू. आपण कुठल्या तरी नव्याकोऱ्या, लांबलचक गाडीत जाणार, असं आमचं चौघांचं ठरलेलंच होतं.

आणि मग काकू आल्या.

साठी ओलांडलेल्या, खांद्याला कापडी पिशवी, आणि गळ्यात शिवणकामाची मोजपट्टी तशीच राहून गेलेली. त्यांनी गाडीचं नाव सांगितलं तेव्हा दुकानदाराचं पेन थांबलं.

"अजून चालते ती?"

"चालते. म्हणजे चालत होती. हल्ली चढावर झटके देते."

"मग साधे प्लग देतो की. त्या गाडीला कंपनीनं साधेच दिलेत."

काकू घुटमळल्या. "आमच्या ह्यांनी असं सांगितलंय," असं म्हणून त्यांनी बोटानं हवेत एक लांब रेघ ओढली. "प्लग म्हणतात आणि असं करतात. बोलता येत नाही त्यांना नीट. लांब काहीतरी आहे त्यांच्या मनात."

"लांब टिकणारे!" दुकानदारानं काउंटरवर थाप मारली. "इरिडियम हवेत त्यांना. एकदा लावा आणि विसरून जा."

काकूंचा चेहरा उजळला. "हां, तेच असणार. द्या. सगळ्यात चांगले द्या. त्यांनी जन्मभर त्या गाडीला जपलंय."

अशी आमची वरात निघाली. नव्या गाडीत नव्हे, तर सव्वीस वर्षांच्या एका गाडीत, जिला घरात सगळे म्हातारी म्हणत.

काकूंचे हे, म्हणजे काका, पाणीपुरवठ्याच्या पंपघरात चौतीस वर्षं होते. पंपाच्या अंगावर हात ठेवून, कान लावून कुठलं बेअरिंग जाणार ते आठवडाभर आधी सांगायचे म्हणे. म्हातारी त्यांनी जुनीच घेतली होती आणि तिचा प्रत्येक नट त्यांना तोंडपाठ होता. काकूंना गाडी शिकवली तीही त्यांनीच. "क्लच सोडताना शिवणयंत्राचं पायडल आठव," एवढा एकच धडा, असं काकू सांगतात.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून निसटला, आणि उचलायला वाकले तर उजवा हात उचलेना. पक्षाघात. हात आणि पाय हळूहळू थोडे परत आले, बोलणं मात्र आलं नाही. कळायचं सगळं. कोण काय म्हणतंय, कशावर हसायचं, सगळं. पण बोलायला गेले की तोंडातून तीन शब्द बाहेर पडायचे : हो, नको आणि अगं. त्यांची गाडी झटके द्यायला लागली तेव्हा चौथा शब्द आला, प्लग.

आठवड्यातून तीनदा काकू त्यांना टेकडीवरच्या हॉस्पिटलात घेऊन जात. तिथे एक तरुण बाई त्यांना चित्रं दाखवून पुन्हा बोलायला शिकवत. बस चढाच्या पायथ्याशीच थांबते आणि काकांना तेवढं चालवत नाही, म्हणून सगळी भिस्त म्हातारीवर. त्यात तिथला नियम असा, की महिन्यात दोन वर्ग चुकले की जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला. त्या महिन्यातला एक चुकला होता.

आम्हाला बसवलं ते कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं. भला माणूस, पण हात नव्या गाड्यांवर बसलेला. कॉम्प्युटर जोडायचा आणि पडद्यावर दोष वाचायचा. म्हातारीला तो जोडायला जागाच नव्हती.

"काकू, खरं सांगू का?" माझं खोकं फिरवत तो म्हणाला. "हे लावल्यानं वाईट काही होणार नाही. पण ह्या इंजिनाला साधे पुरतात. असल्या प्लगनं तिची ताकद वाढत नाही, की ती तरुण होत नाही. दुखणं दुसरीकडे असलं तर ते तिथेच राहणार."

"ह्यांनी सांगितलंय," काकू म्हणाल्या.

त्यांनी ते अशा आवाजात सांगितलं, की त्यानं लगेच पाना उचलला.

माझ्या जागी जो साधा प्लग होता, तो बाहेर आला. टोकावर बदामी रंग, अंग स्वच्छ. मेकॅनिक पुटपुटला, "हे तर चांगले होते की." आम्ही दोघं क्षणभर एकाच चिंधीवर शेजारी पडलो होतो. तो मला म्हणाला, "आमच्यात दोष नव्हता रे. बघ, सांभाळ तिला." मला हसू आलं. मनात म्हटलं, आता ह्या म्हातारीला पळवूनच दाखवतो.

पहिले दोन दिवस मी म्हणेन ती पूर्व दिशा होती. माझं टोक बारीक, त्यामुळे थोडक्या विजेतही माझी ठिणगी पडते. झटके कमी झाले. काकू स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरायला लागल्या. काका मात्र कान देऊन बसलेले. मान हलवायचे, "प्लग" म्हणायचे आणि हवेत तीच लांब रेघ ओढायचे.

"हो हो, लांब टिकणारे आणलेत," काकू म्हणायच्या. "खूश?"

काका डोळे मिटून घ्यायचे.

आम्हाला बसवल्यानंतरच्या तिसऱ्या वर्गाच्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. टेकडीच्या मधल्या वळणावर म्हातारीवर जोर आला आणि मला वीज मिळेनाशी झाली. मी तयार होतो. समोर पेट्रोल येऊन दाबलं जात होतं. पण वायरीतून यायची ती वीज वाटेतच कुठेतरी गळत होती. एक ठिणगी चुकली, मग चार, मग ओळीनं सगळ्याच. उरलेल्या तिघा भावंडांना तो चढ ओढवेना. म्हातारी थरथरली आणि बंद पडली.

आणि ती मागे घसरायला लागली.

मागे ट्रक होता. त्याचा हॉर्न असा वाजला, की इंजिनाच्या पोटातही मला ऐकू आला. काकूंचा पाय घाबरून भलत्याच पायडलवर पडला होता. काकांनी डावा हात आडवा टाकला आणि हँडब्रेक सगळ्या अंगानिशी ओढला. गाडी थांबली.

मग काकांनी डॅशबोर्डवर मूठ आपटली. "प्लग! प्लग! अगं, प्लग!"

"बदलले ना प्लग!" काकू ओरडल्या. एवढ्या महिन्यांत त्या पहिल्यांदा ओरडल्या असाव्यात. "सगळ्यात महागाचे आणले! आता अजून काय करू मी?"

काकांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. थोड्या वेळानं काकूंनी त्यांचा उजवा, गार पडलेला हात आपल्या हातात घेतला. "चुकले," त्या म्हणाल्या. "पण मला कळत नाही हो. खरंच कळत नाही."

मी तिथेच होतो. काकांना काय म्हणायचंय ते मला त्या चढावर कळून चुकलं होतं. पण प्लगला ठिणगी पाडता येते, बोलता कुठे येतं? तुमच्याशी बोलतोय ते कसं, ते विचारू नका.

धुकं विरल्यावर म्हातारी कशीबशी चालू झाली, पण त्या दिवशी वर पोहोचेपर्यंत वर्गाची वेळ संपत आली होती. शिकवणाऱ्या बाईंनी दहा मिनिटं जास्त थांबून तो वर्ग चुकला असं मांडलं नाही. "पण पुढच्या वेळी मला असं करता येणार नाही," त्या म्हणाल्या.

मेकॅनिकनं परत बॉनेट उघडलं. कार्ब्युरेटर उघडून धुतला, वायरींना मीटर लावून पाहिला. कोरड्या हवेत, उभ्या गाडीत मीटरवर सगळं ठीक दिसलं. "काकू, वय झालं तिचं," शेवटी तो म्हणाला आणि हात पुसले.

शनिवारी मुलगा आला. दुसऱ्या शहरात नोकरीला, आईबापांवर जीव असलेला, आणि म्हणूनच घायकुतीला आलेला. संध्याकाळी गाडीच्या शेडमध्ये मायलेक बोलत उभे राहिले, म्हणून माझ्या कानावर पडलं.

"आई, त्या चढावर काही झालं असतं तर? उद्या दुपारी एक जण गाडी बघायला येतोय. देऊन टाकू. तुम्ही दोघं माझ्याकडे चला."

"आणि तुझ्या बाबांचा वर्ग?"

"तिकडे बघू काहीतरी."

"ते म्हणतात प्लगचंच काहीतरी आहे."

मुलगा हळू आवाजात म्हणाला, "आई, तो शब्द त्यांच्या तोंडात बसलाय फक्त. ह्या आजारात होतं असं. पाणी हवं असलं तरी प्लग, भूक लागली तरी प्लग. त्याला अर्थ नसतो."

"भूक लागल्यावर ते प्लग म्हणत नाहीत," काकू म्हणाल्या. "अगं म्हणतात. चाळीस वर्षं ऐकतेय मी त्यांना. अर्थ आहे. मलाच लागत नाहीये तो."

दाराशी काठी टेकल्याचा आवाज झाला. काका उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

रविवारी जेवणं आटोपली तशी शेडचं दार उघडलं. पुढे काका, काखेत काकूंची इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायची बाटली. मागे काकू, "अहो, ती कशाला? अहो, पडाल!" करत. आणि त्यांच्या मागे मुलगा.

काकांनी काठीनं बॉनेटवर टकटक केलं. मुलानं उघडलं. मग मुलाच्या खिशातल्या किल्लीकडे बोट, मग स्टिअरिंगकडे.

"चालू करू?"

"हो."

म्हातारी चालू झाली. काकांनी वर छताकडे, उजेडाकडे पाहिलं आणि कपाळावर आठ्या घातल्या. एकदा बाटलीकडे, एकदा उजेडाकडे. काकूंच्या खांद्यावर अस्तराचं काळं कापड होतं. शिवता शिवता तशाच उठल्या होत्या. काकांनी ते ओढलं आणि स्वतःच्या डोक्यावरून घ्यायला लागले.

"अंधार हवाय तुम्हाला?" काकूंनी विचारलं.

"हो! हो!"

काकूंनी कापड इंजिनाच्या पंख्यापासून लांब धरून बॉनेटवर पसरलं आणि दोघांची डोकी त्याच्याखाली गेली, जुन्या काळचे फोटोग्राफर जायचे तशी. मुलगाही गाडीतून उतरून वाकला. माझ्यावर अंधार झाला. काकांनी डाव्या हातानं बाटलीचा खटका दाबला आणि माझ्या वायरीवर पाण्याचा धुक्यासारखा बारीक फवारा उडाला.

वायरीच्या मध्यावर, जिथून ती इंजिनाला जवळ जवळ घासून जाते, तिथे एक निळी ठिणगी तडतडली. मग दुसरी. वायरीतून निघून थेट इंजिनाच्या लोखंडावर. माझ्या हक्काची वीज सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बाहेरच्या बाहेर पळत होती, आणि म्हातारी अगदी चढावरच्यासारखीच झटके खात होती.

काकांनी बोट लावलं. प्लगपासून सुरू करून वायरीवरून, त्या तडतडीवरून, दुसऱ्या टोकापर्यंत हवेत एक लांब रेघ.

"वायर," काकू म्हणाल्या. "अहो, प्लगची वायर! तुम्ही प्लगची वायर म्हणत होतात!"

"वा," काका म्हणाले. ओठ जुळवले, पुन्हा सुटले. "वा... यर."

"वायर!"

"वायर!"

दोघं काळ्या कापडाखाली एकमेकांना तो शब्द देत-घेत राहिले. मुलगा म्हणाला, "बाबा, पंधरा दिवस तुम्ही हेच सांगत होतात?" काकांनी बाटली त्याच्याकडे वळवली आणि त्याच्या तोंडावर एक फवारा मारला. इतकं हसले, की काकूंना त्यांना धरावं लागलं.

तेवढ्यात गाडी बघायला येणारा माणूस शेडच्या दारात येऊन उभा राहिला. त्याला दिसलं ते असं : चालू गाडी, काळं कापड, त्याखाली सहा पाय आणि हसण्या-रडण्याचे मिसळलेले आवाज.

"मी नंतर येऊ का?" तो म्हणाला.

"नको!" आतून काका ओरडले. हा शब्द त्यांना येतच होता.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं चारही वायरी बदलल्या. साध्याच, कपाटातल्या नव्हेत. म्हातारी टेकडी एका दमात चढली. माझ्या ठिणग्यांत एकही चुकली नाही, पण खरं सांगतो, त्या जुन्या बदामी प्लगचीही चुकली नसती. वर्गात काकांनी शिकवणाऱ्या बाईंना नवा शब्द सांगितला, तेव्हा त्यांनी वहीत तो तारखेसकट लिहून घेतला म्हणे.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. मुलगा महिन्या-दीड महिन्यानं येतो आणि त्यांना घेऊन जायचं नाव काढत नाही. येतो तेव्हा बॉनेट उघडून उगाच वायरींना हात लावून बघतो.

मेकॅनिक एकदा घरी आला होता. एका गिऱ्हाइकाच्या जुन्या गाडीचा दोष त्याला सापडत नव्हता आणि ती कॉम्प्युटरलाही जोडता येत नव्हती. दारात उभा राहून म्हणाला, "काका, जरा ऐकून सांगाल का?" तेव्हापासून काका आठवड्यातले दोन दिवस सकाळी त्याच्या गॅरेजात बसतात. काकू त्यांना म्हातारीतून सोडतात, कधी तिथेच बटणं लावत बसतात. जुनी गाडी आली की काका तिच्या अंगावर डावा हात ठेवतात, मान तिरकी करतात आणि मग सांगतात. वर्गातल्या चित्रांपेक्षा तिथे त्यांना शब्द लवकर सापडतात. सुरुवातीला मेकॅनिक त्यांच्या तोंडचा शब्द पुरा करायचा आणि हमखास भलताच करायचा. आता तो तसं करत नाही.

मागच्या महिन्यात त्यानं आम्हा चौघांना काढून पाहिलं. "अगदी नव्यासारखे आहेत," तो म्हणाला, आणि काकूंकडे बघून हसला. "एवढ्याशा फिरण्यात साधेही असेच राहिले असते." काकूही हसल्या. मला राग आला नाही. माझ्या खोक्यावर लाख किलोमीटर लिहिलेत, आणि म्हातारी हॉस्पिटल, गॅरेज आणि बाजार सोडून कुठे जात नाही. एवढे किलोमीटर मी कधीच पुरे करणार नाही. पण चढ आहे, आठवड्यातून तीनदा, आणि तेवढा मी चढवतो.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल आणि माझ्यासारख्याला घरी न्यावं की नाही असा प्रश्न पडला असेल, तर माझं ऐकाल? माझ्या अक्षरांना भुलू नका. गाडी धडधाकट असेल तर साध्या प्लगवरही ती सुखानं चालेल. आजारी असेल तर मी तिचं औषध नाही. हौसेनं घ्यायचं तर जरूर घ्या, मी आनंदानं येईन. पण आधी तिला नक्की काय होतंय ते कुणा जाणत्याला ऐकू द्या.

आत्ता सकाळचे दहा वाजलेत. म्हातारी गॅरेजच्या दाराशी उभी आहे, इंजिन अजून कोमट आहे. शेजारी एक जुनी निळी गाडी आलीय. तिचा मालक घाईत आहे. "इरिडियमचे प्लग टाकून द्या, म्हणजे पिकअप येईल," असं त्यानं उतरता उतरताच सांगितलं. काकांनी तिच्या बॉनेटवर हात ठेवून ऐकलं. तिचं दुखणं म्हातारीसारखं नाही, वेगळंच आहे. तेही माझ्या लक्षात आलंय.

"साधे... चालतील," काका त्याला म्हणाले. "आधी... तिचा..."

आणि शब्द अडकला.

मेकॅनिकला तो शब्द माहीत आहे. तो चिंधीनं पाना पुसतोय. काकूंनाही एव्हाना माहीत झालाय. त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतलाय. दोघंही तोंड उघडत नाहीत. त्या माणसानं एकदा घड्याळ पाहिलं. एकदा काकांच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यानं किल्ली खिशात टाकली आणि समोरच्या उपड्या खोक्यावर बसला.

काकांचे ओठ जुळतायत.

तुम्हीही जरा थांबा. येतोय.